फलाटावरचा गार्ड

माझ्या लेआउटवरून गार्ड उचलला गेला तेव्हा मी चहाच्या रांगेत उभी होते. शाळेचा स्पोर्ट्स हॉल, ऑक्टोबरमधला शनिवार आणि आमच्या मॉडेल रेल्वे क्लबचं वर्षातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन. दहा मिनिटांत परत आले, तर माझ्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर उभारलेल्या छोट्या स्टेशनच्या फलाटावर, एक गोरा, लालबुंद गालांचा, पाकिटातून काढलेला रेडीमेड गार्ड उभा होता. मी चार रात्री बसून रंगवलेला सावळा गार्ड क्लबच्या सेक्रेटरीच्या वेस्टकोटच्या खिशात होता. नीट टिश्यूत गुंडाळून ठेवलेला. टिश्यूचा मला जास्त राग आला. म्हणजे हे काम त्यांनी विचार करून, शांतपणे केलं होतं.

मुळात मी या नादाला लागले ती सासऱ्यांमुळे. बाबा भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले, साठच्या दशकात इंग्लंडला आले आणि इथे नॉटिंगहॅमजवळ रेल्वेतच गार्ड म्हणून लागले. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या सामानात एक फोटो होता. छोट्या जंक्शनच्या फलाटावर तरुण बाबा कडक युनिफॉर्ममध्ये उभे आहेत, हातात हिरवा झेंडा, मागे स्टेशनचं घड्याळ. ते स्टेशन कधीच पाडलं गेलंय, आता तिथे कार पार्क आहे. मी ठरवलं, ते परत उभं करायचं. एका फुटाला चार मिलिमीटर या मापात, जसंच्या तसं.

हात माझा बारीक कामाला सरावलेला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं मी पेशंटच्या, मेणात बसवलेल्या टिश्यूचे केसाहून पातळ काप काढलेत. क्लबात सगळे पुरुष, बहुतेक रिटायर्ड. पहिल्या दिवशी एकाने मला विचारलं, "मिस्टर आत आहेत का?" मी म्हटलं, मिस्टर घरी क्रिकेट बघतायत, मेंबर मी आहे. 

तिथे एकाच गोष्टीची पूजा चालायची: अचूकपणा. एका पोस्टरवरून दोन संध्याकाळी वाद झाला, कारण ते पोस्टर म्हणे उन्हाळा संपल्यावर लागलं होतं आणि आमच्या झाडांना हिरवी पानं होती. मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू. फोटोवर भिंग धरून मी धुरांडी मोजली. त्या स्टेशनचा एक खरा बाक कोणाच्या तरी बागेत पडलाय असं कळल्यावर तिथे जाऊन ब्लेडने रंगाचे थर खरवडत मूळ रंगापर्यंत पोचले. चार वर्षं लागली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त मदत केली ती क्लबातल्या एका म्हाताऱ्या सिग्नलमनने. ऐंशी ओलांडलेला, कमी बोलणारा. त्याने तरुणपणी त्याच जंक्शनच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी केली होती. कुठला लिव्हर कुठल्या सिग्नलचा, कोळशाचा ढीग कुठे, कुंपणाची कुठली फळी मोडकी, सगळं त्याला पाठ. बाबांना मॉडेल करून गार्ड रंगवला तेव्हा मी तो पहिल्यांदा त्यालाच दाखवला. अडीच सेंटिमीटरसुद्धा उंच नव्हता, पण झेंड्याची घडीसुद्धा फोटोसारखी होती. त्याने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "छान रंगवलंय." बाकी काही नाही.

तर त्या शनिवारी मी सेक्रेटरीसमोर उभी राहिले आणि हात पुढे केला. "माझा गार्ड द्या."

"रागावू नकोस," तो म्हणाला. "दोन-तीन व्हिजिटर्सनी विचारलं. लोक इथे अचूकपणासाठी येतात. त्या काळात त्या स्टेशनवर असा गार्ड नव्हता."

"असा म्हणजे कसा?"

"यू नो व्हॉट आय मीन."

"नाही. तुम्ही सांगा. असा म्हणजे कसा?"

तो लाल झाला. आजूबाजूच्या टेबलांवरच्या गाड्या फिरत होत्या, पण माणसं थांबली होती. मी म्हटलं, "तो गार्ड म्हणजे माझे सासरे. ते दोन वाजता इथे येतायत. तुम्ही त्यांनाच विचारा." आणि लेआउटचा स्विच बंद केला.

दोन वाजता नवरा बाबांना घेऊन आला. बाबांनी टाय लावला होता. मी त्यांना सगळ्यांच्या मधून पुढे नेलं आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, यांना सांगा. तुम्ही या फलाटावर गार्ड होतात की नाही?"

बाबांनी स्टेशनकडे वाकून पाहिलं. घड्याळ, बाक, दुधाचे कॅन. मग सेक्रेटरीकडे वळून हळू, शुद्ध इंग्रजीत म्हणाले, "द जंटलमन इज राइट. मी या फलाटावर कधी नव्हतो."

मला वाटलं, त्यांना प्रश्न समजला नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मग मला कळलं की समजला होता. सेक्रेटरीने टिश्यूची पुडी माझ्या हातात ठेवली, अगदी सौजन्याने. मला ती त्याच्या तोंडावर फेकायची होती.

पुढचे सहा दिवस मी बाबांशी कामापुरतं बोलले. नवरा म्हणाला, "सोड ना, वय झालंय त्यांचं." मी म्हटलं, "वयाचा काय संबंध? चार वर्षं मी त्यांच्यासमोर तो फलाट बांधत होते. एकदा तरी सांगायचं!"

सातव्या दिवशी मी भाजी चिरत असताना बाबा येऊन स्टुलावर बसले.

"तो फोटो रविवारचा आहे," ते म्हणाले. "रविवारी त्या लाइनवर गाड्या नसायच्या. झेंडा एका पोर्टरकडून मागून घेतला. घरी पाठवायला फोटो हवा होता."

"मग तुम्ही गार्ड नव्हतात?"

"होतो ना. मालगाडीचा. दोन मैलांवरच्या यार्डात. पॅसेंजरच्या जागेसाठी मी तीनदा अर्ज केला. तिथल्या स्टाफची कमिटी होती. त्यांनी ठरवलेलं, की फलाटावर आपली, भारतीय माणसं नकोत. साहेबाने मला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं. म्हणाला, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही, पण मुलांना आवडणार नाही. मुलांना म्हणजे स्टाफला. मी डबा गाडीच्या शेवटी, गार्डच्या ब्रेकव्हॅनमध्येच खायचो. शेगडी असायची तिथे. बरं होतं तसं."

"बरं होतं?" माझा आवाज चढला. "आणि आम्हाला इतकी वर्षं पॅसेंजर गार्ड म्हणून सांगितलंत?"

"भुसावळला काय लिहिणार होतो?" ते म्हणाले. मग उठून गेले.

मला कोणावर चिडावं तेच कळेना. बाबांवर चिडले, आणि त्याची लाज वाटली म्हणून स्वतःवर चिडले. पण सगळ्यात जास्त संताप आला तो सेक्रेटरीचं म्हणणं बरोबर निघालं याचा. त्याला ती कमिटी माहीत नव्हती, अर्ज माहीत नव्हते. त्याला फक्त वाटलं होतं, की असा माणूस तिथे शोभत नाही. साठ वर्षांपूर्वी काही लोकांना नेमकं तेच वाटलं, त्यांनी बाबांना फलाटावर येऊ दिलं नाही, आणि आता तो इतिहास झाला म्हणून मी तो अचूक दाखवायचा!

ठीक आहे, म्हटलं. अचूक हवं ना? अचूक देते.

हिवाळाभर मी यार्ड बांधलं. बाबांना विचारून विचारून. आधी ते टाळायचे, मग एक दिवस पेन्सिल मागून त्यांनीच ब्रेकव्हॅनच्या आतलं चित्र काढून दिलं. गार्ड फलाटावरून काढून मी त्या व्हॅनच्या पायरीवर बसवला, मांडीवर डबा. फलाटासमोर एक कार्ड लावलं: "या फलाटावर तुम्हाला भारतीय गार्ड दिसणार नाही. त्याने तीनदा अर्ज केला. तिथल्या स्टाफने त्याला घेतलं नाही. तो दोन मैलांवर, मालगाडीवर आहे."

क्लबच्या कमिटीने ते वाचलं. सेक्रेटरी म्हणाला, "व्हॅन उत्कृष्ट आहे. व्हॅन जरूर ठेव. कार्ड मात्र थोडं पोलिटिकल आहे. लोक मुलांना घेऊन मजा करायला येतात."

"पोस्टरच्या महिन्यावरून तुम्ही दोन संध्याकाळी भांडलात," मी म्हटलं. "त्यापेक्षा हे जास्त खरं आहे."

मतदान झालं. माझ्या बाजूने दोन हात वर आले. त्यातला एक सिग्नलमनचा होता. मी त्याच आठवड्यात लेआउट क्लबमधून बाहेर काढलं.

लेआउट बसवलेले लाकडी बोर्ड उचलायला सिग्नलमन आला. आमच्या ड्राइव्हवेमध्ये शेवटचा बोर्ड उतरवल्यावर तो भाड्याच्या व्हॅनला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "तुला सांगायचं होतं. त्या स्टाफ कमिटीत मी होतो. बावीस वर्षांचा. मीही हात वर केला होता."

मला आधी अर्थच लागेना. मग त्याचं ते "छान रंगवलंय" आठवलं. चार वर्षं हा माणूस मला कुंपणाची मोडकी फळी सांगत होता आणि हे त्याने सांगितलं नव्हतं.

"मला कशाला सांगता?" मी म्हटलं. "ते आत आहेत. आत जाऊन त्यांना सांगा."

तो गेला. मी मुद्दाम बाहेर थांबले. वीस मिनिटांनी आत जाऊन पाहते, तर दोघं किचन टेबलावर समोरासमोर, चहाचे कप, आणि बाबा पाकिटाच्या मागे रेघा मारून त्याला म्हणतायत, "नाही नाही, तो सिग्नल ब्रिजच्या अलीकडे होता." तासभर ते तेच बोलत बसले. जाताना त्याने बाबांचा हात जरा जास्त वेळ धरला, एवढंच.

दार लागल्यावर मी विचारलं, "त्याने सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगायचंय?" बाबा कप विसळत म्हणाले. "मला तेव्हापासून माहीत आहे. हात वर केलेले सगळे मला रोज भेटायचे."

"आणि तुम्ही त्याला काहीच बोलला नाहीत? तेव्हाही नाही, आजही नाही?"

"अगं, माझ्या मालगाडीला सिग्नल तोच द्यायचा. त्याच्याशी भांडून गाडी कशी नेली असती?"

"आज कुठली गाडी न्यायची होती, बाबा?"

त्यांनी कप पुसून जागेवर ठेवला.

आता सिग्नलमन दर गुरुवारी येतो. बाबा त्याची वाट बघतात. मला ते बघवत नाही, मी त्या वेळी खरेदीला जाते. लेआउट आमच्या भागातल्या लायब्ररीत महिन्यातून एक शनिवार मांडते, कार्डासकट. मुलं गाड्या बघतात, मोठी माणसं कार्ड वाचतात. काही जण वाचून लगेच पुढे सरकतात. गेल्या वेळी माझ्याच वयाची एक बाई खूप वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझे वडील बस कंपनीत होते. त्यांना कधी गॅरेजबाहेर येऊ दिलं नाही." मी तिच्यासाठी खुर्ची आणली.