दुसऱ्याच्या डोक्यात उतरवणारे वस्ताद

आमच्या खर्ड्याच्या तालमीतले वस्ताद कादंबरी वाचताना रडले की कुस्तीचा हौदा भिजायचा. लोक म्हणतात, मी वाढवून सांगतो. म्हणू देत. इतर तालमींत लाल माती मऊ ठेवायला ताक ओततात, तेल ओततात, लिंबं पिळतात. आमच्याकडे एखाद्या नायिकेचा सासरी छळ झाला की त्यावर आठवडा निघायचा. आणि रडणारा माणूस तरी कसा? मान नाहीच, खांद्यांवर थेट डोकं. कान मोडून मोडून भज्यांसारखे झालेले. नुसते खाकरले तरी किल्ल्यावरची कबुतरं जामखेडला जाऊन परत यायची.

संध्याकाळची मेहनत झाली की सगळ्यांचे मोबाईल रिकाम्या पिठाच्या डब्यात जायचे आणि वस्तादांचा चष्मा नाकावर यायचा. रद्दीवाल्याकडून आणलेल्या कादंबऱ्या ते मोठ्यानं वाचत. म्हणत, "जोर मारून दंड फुगतो. मेंदूचं काय? त्यो बी मांसाचाच गोळा हाय. त्याला रोज दुसऱ्याच्या डोक्यात नेऊन बसवा, मग बघा कसा तयार हुतो." मध्येच पुस्तक मिटून बोट रोखायचे, "ही विधवा सून आता सासऱ्याफुडं खरं बोलंल का न्हाई? सांग रं!" "मला काय ठावं?" म्हणणाऱ्याची धडगत नसे. "तिच्या जाग्यावर हुभा ऱ्हा!" मग आमचा सदा, मिशाळ आणि म्हशीएवढा, लंगोटावर टॉवेलचा पदर घेऊन कोपऱ्यात उभा राहायचा. आम्ही लोळून हसायचो. पण घटकाभरानं सदाचा आवाज खरोखरच कापायला लागायचा, आणि हसणं आपोआप थांबायचं.

या मेहनतीचा गुण आला. आमचा शिवा तर असा तयार झाला की समोरच्याच्या मनात डाव येण्याआधीच तो परतवून मोकळा. एकदा त्यानं न टाकलेला डाव परतवला. समोरचा नुसतंच नाक खाजवणार होता, तो चीतपट! पण त्याच शिवाला घरी आई "जेवले मी" म्हणाली की ती जेवलेली नाही, हेही कळायला लागलं होतं.

तालमीच्या कमिटीचे अध्यक्ष अण्णा मात्र धुसफुसत. "वस्ताद, पैलवान घडिवताय का रडूबाया? पोरं पार हळवी झाली." शेवटी त्यांनी अट घातली. जत्रेत राहात्याच्या पैलवानाशी शिवाची शेवटची, मानाची कुस्ती. शिवा हरला तर तालमीत पुस्तकं कायमची बंद. "मंजूर," वस्ताद म्हणाले. पण त्या संध्याकाळी वाचताना ते पानं फार सावकाश उलटत होते. उरलेली भाकरी पुरवून खावी, तसे.

कुस्ती लागली. राहात्याचा पैलवान म्हणजे उसानं लादलेला ट्रॅक्टरच. शिवानं तरी त्याला खाली घेतला, हात मागं पिरगाळला, आता उलटा करायचाच काय तो अवकाश. गर्दी ओरडत होती. आणि शिवानं हात सोडला! सोडला तो सोडलाच. खालचा उसळला आणि शिवाची पाठ मातीला लागली.

वस्ताद वाट काढत आखाड्यात शिरले. मला वाटलं, आता शिवाचा फोटोच भिंतीवर लावावा लागणार.

"का रं सोडलास?"

"वस्ताद, त्याचा खांदा निखळत हुता. त्यो वरडत नव्हता, पन मला दुखाया लागलं."

वस्तादांनी आपल्या फेट्यानं शिवाच्या पाठीची माती पुसली. म्हणाले, "चांगलं केलंस." मग सगळी पुस्तकं ट्रंकेत भरली, कुलूप लावलं आणि किल्ली अण्णांच्या हातात ठेवली. शब्द म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी मेहनतीनंतर आम्ही नुसतेच बसलो होतो, तेवढ्यात दारात राहात्याचा पैलवान. हात गळ्यात बांधलेला. म्हणाला, "माझ्या वस्तादाला बी कळलं न्हाई, ते ह्याला कसं कळलं? मला शिकवा." आमच्या वस्तादांनी त्याला शेजारी बसवलं, डोळे मिटले आणि सुरू केलं, "एक पोरगी भर दुपारी बकरी घिऊन घरातनं निघाली, माघारी न यायच्या बोलीवर..."

अण्णा तरातरा आले. "पुस्तकं बंद ठरली हुती न्हवं?"

"बंदच हायेत, अण्णा. त्वांड बंद करायचं ठरलं नव्हतं."

अण्णा दारातच थबकले. दुसऱ्या दिवशी येताना घरून स्टूल घेऊन आले.

ती गोष्ट वर्षानुवर्षं चालली. आम्हाला वाटायचं, ट्रंकेतलंच एखादं पुस्तक वस्तादांना पाठ आहे. मागच्या उन्हाळ्यात पोरगी एका अनोळखी घरासमोर पोचली, कडीला हात लावला, वस्ताद म्हणाले, "उद्या बघू." आणि पहाटे झोपेतच गेले.

माती देऊन आलो. अण्णांनी किल्ली काढली. ट्रंक उघडून सगळ्यांनी एकेक पुस्तक चाळलं. ती पोरगी कुठंच नव्हती, बकरीही नाही. रोजच्या रोज वस्तादच रचत होते.

अण्णा पांढऱ्या धोतरासकट मातीत बसले. "शिवा, सांग बाबा. दार उघडलं आसंल का कुनी?"

शिवा म्हणाला, "आधी सांगा अण्णा, इतकं चालून तिचं पाय कसं झालं आसतील?"

अण्णांनी खाली, स्वतःच्या पायांकडं बघितलं.