लवाट्यांचा कंगवा

सदाशिव पेठेतल्या यज्ञेश्वर लवाट्यांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता, पण अख्ख्या पुण्यातला सगळ्यात मोठा कंगवा त्यांच्या मालकीचा होता. लोखंडी, दातेरी, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींची जागा अडवून बसलेला.

झालं असं, की लवाटे पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. देशात खुली अर्थव्यवस्था आली, कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि लवाट्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती लवाट्यांची! मुलगा पुष्कर आयटीतला. कंपनीने त्याला इंग्लंडला पाठवलं, म्हणून हेही बघायला गेले. लोक तिथे राजवाडे बघतात. हे गृहस्थ गव्हाच्या शेताच्या कडेला आ वासून उभे राहिले. तिथल्या हार्वेस्टरच्या तोंडाला एक स्ट्रिपर हेडर लावलेला होता. तो गहू कापतच नव्हता. त्याचा दातेरी रूळ गरगर फिरायचा, नुसत्या ओंब्या ओरबाडून आत घ्यायचा आणि काड जागच्या जागी उभं. झालं, लवाटे प्रेमातच पडले. असलाच एक जुना हेडर पाहून त्यांनी निवृत्तीची पुंजी मोडली आणि तो बोटीने मागवला. बायकोला, म्हणजे सुहासिनीबाईंना, सांगितलं, "एक छोटासा पार्ट येतोय."

छोटासा पार्ट क्रेनने आला.

सुहासिनीबाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की मैदानाच्या त्या टोकाची मुलगी सावधान व्हावी. पहिला हंगाम हेडर कुठल्या हार्वेस्टरला बसेल हे शोधण्यात गेला, दुसरा तो बसवण्यात. तेवढ्या काळात पार्किंगबाहेर उभी राहून त्यांची कायनेटिक स्कूटर उन्हात रंग उडून पांढरी पडली. शेवटी त्यांनी निक्षून सांगितलं, "अहो, या वर्षी तुमचा कंगवा चालला तर ठीक. नाही चालला तर भंगारात. आणि मी बोलते ते करते, हे आपल्याला ठाऊक आहेच."

मांजरी गावच्या कोंडीरामने आपल्या शेतातला उभा गहू द्यायचं कबूल केलं. फलटणचा जयसिंग आपला हार्वेस्टर घेऊन आला आणि हेडर त्याच्या तोंडाला चढला. ठरल्या दिवशी लवाटे सकाळी शेतावर पोचले, तर बांधावर रामदास भंगारवाला टेम्पो लावून बिडी ओढत बसलेला. शेजारी छत्री उघडून सुहासिनीबाई.

"याला कशाला आणलंस?" लवाट्यांचा चेहरा पडला.

"परत खेप नको म्हणून," बाई म्हणाल्या.

रामदासने उठून हेडरवर बोटाने टकटक करून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली.

आता हा माणूस जन्मभर सावकाश. त्यांच्या स्कूटरला सायकलवाले घंटी वाजवून मागे टाकायचे. त्यांनी हेडरचं पुढचं झाकण ओंब्यांच्या उंचीला आणलं, पट्टे तपासले आणि जयसिंगला बजावलं, "बैलगाडीच्या चालीने घे. अति घाई संकटात नेई."

रूळ फिरला आणि गव्हाचे दाणे फुलबाजीसारखे पुढे उडायला लागले. हार्वेस्टरच्या पोटात कमी, जमिनीवर जास्त. कोंडीरामने मातीतून मूठभर दाणे उचलले आणि लवाट्यांपुढे धरले. "सायेब, ही काढनी हाय का पेरनी?"

लवाट्यांनी झाकण खाली घेतलं, गाडी आणखी हळू घ्यायला लावली. दाणे उडतच राहिले. मग रुळाचा वेग कमी केला, तर निम्म्या ओंब्या तशाच काडावर डुलत राहिल्या. वेग पुन्हा पहिल्यासारखा केला आणि गाडी मुंगीच्या पावलाने चालवायला सांगितली. छे! आणखीच उधळण. शेजारच्या रानातला भीमरावही मजा बघायला बांधावर येऊन बसला.

"आता येकच फेरी," कोंडीराम म्हणाला. "न्हाई जमलं तर आमी इळं घिऊन हातानं कापतो. सोन्यासारखा दाना मातीत चाललाय ओ!"

कपाळाचा घाम पुसून लवाटे पाना घेऊन पुन्हा वाकले. इतक्यात रामदासने हेडर चढवायला टेम्पोचं मागचं फाळकं पाडलं.

इकडे उन्हाने सुहासिनीबाईंचं डोकं फिरलं. छत्री मिटून त्या तरातरा हार्वेस्टरच्या शिडीवर चढल्या. "जयसिंग, वरातीत चाललायस का रे? पळव! काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे!"

"अगं, मोडेल ते!" लवाटे खालून ओरडले.

"मोडू दे! रामदास आलाच आहे! पळव म्हणते ना!"

शाळेतल्या मुली ऐकायच्या, तिथे जयसिंगची काय बिशाद? त्याने गाडी दामटली. लवाट्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हार्वेस्टर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि मागे ओंब्यांविना काड ताठ उभं होतं. कोंडीराम गुडघ्यांवर बसून दाणे शोधत होता. सापडतील तर शपथ!

लवाट्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी हळू असली की झाकणाखाली मोकळी जागा राहते आणि दाणा वाट्टेल तिथे उडतो. गाडी जोरात घेतली की पीक दाटीवाटीने आत शिरतं. दिवाळीच्या मंडईत माणूस पडतो म्हटलं तरी पडू शकत नाही, तसं दाण्याला निसटायला फटच उरत नाही. सगळं नीट बसवलं होतं, गाडीचा वेग तेवढा उलटा धरला होता! त्यांना हसू आलं आणि हसता हसता भर शेतात रडूही आलं. मग डोळे पुसून ते भीमरावला हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.

भीमराव त्यांना वळसा घालून शिडीपाशी गेला. "बाई, उद्या आमच्या रानात येताय न्हवं? तुमी असशाल तरच मशीन आना."

"उद्या नाही, परवा," सुहासिनीबाई वरूनच म्हणाल्या. "आणि रामदास, बसून काय राहिलात? फाळकं पाडलंच आहे तर कोंडीरामची पोती घ्या टेम्पोत."

मशीनचे मालक आपण आहोत, हे सांगायला लवाट्यांनी तोंड उघडलं. मग भंगाराच्या टेम्पोकडे पाहिलं आणि मुकाट्याने मिटलं.