प्लास्टिकखालचा रस्सा

तळोद्यात माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. बायको म्हणते, माणूस दोन मिनिटं हलला नाही तर हे त्यालाही प्लास्टिक चढवतील. मी हसतो. पण खापर गावात दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या खानावळीची मेनूकार्डं आणली, त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

कार्डं एकमेकांना चिकटलेली होती. सोडवताना चर्र आवाज झाला. पहिल्यावर हळदीचा अंगठा, दुसऱ्यावर कुणीतरी कांदा दाबून पुसलेला. तिसऱ्यावर, शेवभाजीच्या फोटोवरच, काळ्या मसाल्याचा तेलकट डाग, आणि त्यात मटणाचा एक बारीक धागा वाळून बसलेला. माझ्या नखात काय गेलं ते मी बघितलंच नाही.

"आधी पुसून तरी आण," मी म्हणालो.

"पुसं ते शाई जास, दादा. तू प्लास्टिक चढाई दे. मंग कोनले काय लागनार शे? सकाय लोके ई ऱ्हायनात."

उद्या मेनू ठरवायला येणारी ही लोकं म्हणजे तापीकाठची गुजर मंडळी. घरात मुलीचा साखरपुडा, आणि सगळं जेवण बहिणीकडून घ्यायचं जवळजवळ ठरलेलं. कांदा-लसूण चालेल, पण मांसमच्छीचा वारासुद्धा नको. बहिणीची त्याला ना नव्हती. तिच्याकडे मटणाची चूल मागच्या अंगणात, पातेली वेगळी, पळ्या वेगळ्या, घासायची राखसुद्धा वेगळी. इतकं सोवळं आमच्या आईनेही पाळलं नव्हतं. फक्त मेनूकार्ड दोन्हींना एकच होतं, आणि ते सगळ्यांच्या हातात फिरत होतं. ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, मी शहाणा फक्त नाक दाबून उभा होतो.

गरम रोलरमधून पहिलं कार्ड सरकलं आणि सगळं जुनं जेवण उठून दुकानात आलं. शिळं तेल, लसूण, चरबी. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेला एक जण दारातूनच म्हणाला, "भाऊ, आठे मटन शिजी ऱ्हायनं का?" तेलावर प्लास्टिक नीट बसेना, बुडबुडे राहिले. मी ते अंगठ्याने दाबत बसलो, जसं काही फोडच दाबतोय.

दुसऱ्या दिवशी कार्डं घेऊन मीच खापरला गेलो. मंडळी बसलेलीच होती. मुलीच्या आजीने चष्मा लावून नेमकं ते तिसरं कार्ड उचललं. प्लास्टिकमुळे डाग आणखी चकाकत होता, लोणच्याच्या बरणीतल्यासारखा.

"हाई काय शे, भाऊ?"

"डिझाईन शे, माय," मी म्हणालो. पन्नाशीच्या माणसाला याहून बरं खोटं सुचू नये!

आजीने नखाने खरवडलं. निघेना. कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "डिझाईनमा धागा बी शे का?"

कुणी हसलं नाही. बहिणीने घाईघाईने सगळ्यांपुढे पाण्याचे पेले ठेवले.

"माय, मन्ही चूल येगळी शे, चाला, दखाडस."

"ऱ्हाऊ दे, बेन," आजी उठत म्हणाली, अगदी मायेने. "आम्ही नंतर सांगसूत."

आमच्याकडे पाहुणा जेवला नाही तरी चालतं, पाणी पितोच. सगळे पेले भरलेलेच राहिले. साखरपुड्याचं जेवण गेलं, हे त्यांची मोटार सुरू व्हायच्या आधीच आम्हा दोघांना कळलं.

बहीण आत गेली, ताट वाढून आणलं: शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. माझ्यासमोर ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. तिची नजर ताटावर नव्हती, माझ्या तोंडावर होती.

माझ्या नाकातून कालचा वास अजून गेला नव्हता. रश्श्यावरचा तवंग कार्डावरच्या डागासारखाच चकाकत होता. मी भाकरी मोडली, बुडवली, घास तोंडात घातला आणि गिळला.

"कशी व्हयनी?" तिने विचारलं.

"आखो एक भाकर दे," मी म्हणालो. "आनि रस्सा बी."