माझे दात आणि संस्थेची तूर

सत्काराच्या दिवशी मला दोन शब्द बोलायचे होते. ते राहून गेले, म्हणून आता लिहिते.

आमच्या गावात बायकांची सहकारी संस्था आहे. तुरीची डाळ करायची, आधी गावाला द्यायची, उरली तर वाटूरच्या बाजारात न्यायची. तुरीला पाणी लावून ती उन्हात वाळवतात आणि मग मिलमध्ये घालतात. ओली राहिली तर टरफल निघत नाही, जास्त वाळली तर चुरा होतो. बराबर वाळली की नाही, ते दाणा चावून कळतं. वीस वर्षं ते चावायचं काम माझं होतं. घरी भाजीत मीठ किती घालू म्हणूनही मला कोणी विचारलं नाही. इथे सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. मी मान हलवली की मगच मिल सुरू.

यंदा शेवटची दाढही गेली. कवळी बसवली, पण कवळीला ओलं-सुकं कळत नाही.

आमची अध्यक्षीण माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "मावशी, लई केलं तुम्ही. आता घरी आराम करा."

"घरी आराम असता तर इथं कशाला आले असते?"

ती हसली, पण सत्कार ठरवलाच. मला संस्था सोडायची नव्हती. पण बिनदाताची बाई तिथे काय करणार?

कार्यक्रम पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शाल दिली, नारळ दिला.

"दात न्हाईत अन् नारळ देऊन राह्यल्या व्हय गं?" मी म्हटलं. सगळ्या हसल्या.

अध्यक्षीण माझ्या त्यागावर बोलू लागली. मी कसला त्याग केला, ते मला आठवेना. मागे त्या दिवशीच्या तुरीची पोती होती. सत्कार उरकला की ती मिलमध्ये जाणार होती. माझं काम आता वडीगोद्रीहून नांदायला आलेल्या एका सुनेकडे दिलं होतं. ती पोत्याला टेकून बसली होती. भाषणाला कंटाळून तिने एक दाणा तोंडात टाकला. वाळलेली तूर 'कट्' म्हणते. ही 'चप्' म्हणाली.

"तूर ओली हाय!" मी ओरडले.

"मावशी, भाषण चालू हाय," अध्यक्षीण म्हणाली.

"भाषण मंग कर. मिल चालू करू नको."

दाणे फोडून पाहिले. आत ओल होती. सून म्हणाली, "मी तर वाळली म्हणून सांगणार व्हते. तुम्हाला तिथून कसं ऐकू आलं?"

"दात गेले, कान न्हाई गेले."

ऊन होतं तोवर सगळ्या पोती ओढत बाहेर पळाल्या. मीही शाल खुर्चीवर टाकून ताडपत्रीवर तूर पसरायला गेले. निघताना अध्यक्षीण म्हणाली, "मावशी, उद्या कधी येता?"

"रोजच्याच टायमाला."

आता सून चावते आणि मी ऐकते. "तुमच्या कानात येऊन चावू का?" म्हणून ती करवादते. तिला शिकायला वेळ लागेल. मला काही घाई नाही. त्या नारळाची चटणी केली आणि सगळ्यांनी मिळून खाल्ली.

तर ते दोन शब्द असे: बायांनो, मला विचारत राहिलात, बरं केलं.