कॅम्प चारचे टायरतज्ज्ञ

टायरच्या दुकानामागे जुन्या टायरांचा ढीग असतो, बघितलाय का कधी? मुद्दाम कोणी जमवत नाही, पण कोणाला फेकवतही नाही. आज दोन पडतात, उद्या चार, आणि मग त्यात पाणी साचून डास होतात. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचं तसंच झालंय. हसायला म्हणून एकावर एक रचत गेलो आणि आता त्यातले निम्मे चावतात.

ग्रुप काही मोठा नाही. उल्हासनगरात कॅम्प चारला हरेशभाईंचं टायरचं दुकान आहे. रविवारी सकाळी तिथे जमायचं, समोरून दाल पकवान मागवायचं आणि रेसिंगच्या टायरांवर गप्पा झोडायच्या. मंग्या शिर्के अंबरनाथचा इस्टेट एजंट, त्याला गाडी सजवायचा शौक. केतन दामले बदलापूरचा, आयटीवाला, टायरांचे व्हिडिओ बघून बघून तोंडपाठ केलेला. प्रशांत भोईर जांभूळ गावचा. त्याची आई आणि बहीण डबे करतात आणि हा आपल्या जुन्या गाडीने ते एमआयडीसीतल्या कामगारांना पोचवतो. आणि मी, केमिकल कंपनीत क्वालिटी बघणारा. माझ्या गाडीला शोरूममधून आले तेच टायर अजून आहेत. पण मत द्यायला टायर कशाला लागतात!

*

मंग्यापासून सुरुवात करतो.

त्याने आपल्या लाल गाडीला इतके रुंद टायर बसवले की स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की ते आतून घासायचे. यू-टर्न बंदच झाला. मागे दोन माणसं बसली की गाडी दबायची आणि मागचेही घासायला लागायचे. "पण ग्रिप बघ ना!" म्हणायचा. ग्रिप बघायला गाडी वळायला तर हवी!

एकदा आईला बीपी दाखवायला न्यायचं होतं. पुढे बायको, मागे आई आणि मुलगी. गल्लीच्या तोंडाशीच खर्र खर्र सुरू झालं. मंग्याने गाडी थांबवली, आईला उतरवलं आणि मागून येणाऱ्या रिक्षात बसवलं. वर म्हणाला, "आई, टायर नवे आहेत गं!"

रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे जायचं, मावशी?"

मावशी म्हणाल्या, "त्या लाल गाडीच्या मागे घे. माझीच माणसं आहेत त्यात!"

हा किस्सा मंग्या स्वतःच सांगतो आणि स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसतो.

*

आमच्यात टायर पारखायची एक पद्धत होती. रबरात अंगठ्याचं नख दाबायचं. नख रुतलं की रबर मऊ, मऊ म्हणजे पकड चांगली, पकड चांगली म्हणजे ट्रॅकचा माल. दामले बाकीची नखं कापायचा, उजव्या अंगठ्याचं मात्र राखून ठेवायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "इन्स्ट्रुमेंट आहे ते."

एका रविवारी हरेशभाईंनी काउंटरजवळ दोन टायर आणून ठेवले. "देखो तो, कौन सा बढ़िया है?"

आम्ही सगळे अंगठे घेऊन तुटून पडलो. डावीकडचा एकदम लोण्यासारखा! दामलेने डोळे मिटून पुन्हा नख दाबलं आणि निकाल दिला, "हा सॉफ्ट कंपाउंड आहे. इम्पोर्टेड दिसतोय."

हरेशभाई इतके हसले की चहा सांडला. "साईं, दोनो एक ही माल है! ये वाला सुबह से धूप में पड़ा था!"

कोणालाही लाज वाटली नाही. दामले म्हणाला, "म्हणजे माझं नख बरोबरच होतं की. तापल्यावर मऊच होतो तो."

*

आता मतदानाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कोणाच्या गाडीला कोणता टायर घ्यायचा, हे आमच्यात मतदानाने ठरायचं. दामलेच्या ऑफिसात म्हणे असंच असतं. मंग्याच्या टायरांच्या वेळी त्याने आणि आम्ही इतका वाद घातला की दुपारचं जेवण गेलं. तेव्हा दामलेने नियम काढला, "ज्याची गाडी, त्याला मत नाही! त्याच्या भावना आडव्या येतात."

मंग्या म्हणाला, "पण बसणार मी आहे त्यात!"

"म्हणूनच," दामले म्हणाला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. नियम पास झाला. खरं सांगू का, त्या दिवशी मला तो फार हुशारीचा वाटला होता.

*

दामलेचा ट्रॅकवरचा पहिला दिवस तर अजरामर आहे.

घाटापलीकडे एक छोटा ट्रॅक आहे, पैसे भरले की आपली गाडी पळवायला देतात. दामलेने खास ट्रॅकचे टायर घेतले होते. रस्त्याचे वेगळे, ट्रॅकचे वेगळे. ते प्रशांतच्या गाडीत मागे, डब्यांच्या जागी रचून नेले. तिथे पोचल्यावर दामलेने टायर बदलून घेतले आणि हवा मोजली. मग थोडी काढली, थोडी भरली. ऊन वाढलं म्हणून परत मोजली. सावली आली म्हणून परत मोजली. शेवटी शिट्टी वाजली आणि त्याची पाळी संपायला जेमतेम दोन फेऱ्यांचा वेळ उरला.

"फुकट गेलं सगळं," मी म्हणालो.

"अजिबात नाही," दामले म्हणाला, "प्रेशर परफेक्ट होतं!"

तेवढ्यात मंग्याने दामलेच्या गाडीची चावी प्रशांतच्या हातात दिली. "जा रे, तू तरी मारून ये."

प्रशांतने त्या दोन फेऱ्या मारल्या. मला रेसिंगमधलं काही कळत नाही, पण कठड्याला टेकून उभी असलेली माणसं सरळ उभी राहिली, हे मी बघितलं. एका रेसिंग टीमचा माणूस घड्याळ घेऊन आला. पुढच्या महिन्यात चाचणी आहे, आपली गाडी घेऊन ये, जमलं तर टीमकडून चालवशील, असं म्हणाला.

येताना प्रशांत गाडी चालवत होता. बदलापूर जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "गावात मना सगले डबेवाला बोलतात. एकदा कोनी ड्रायवर बोलला पायजे ना."

*

झालं! आता आमच्याकडे आमचा माणूस होता. प्रशांतसाठी टायर निवडायचे, या विषयावर दोन रविवार गेले. दोन सेट ठेवणं त्याला शक्य नव्हतं. जो टायर ट्रॅकवर, त्याच टायरवर रोजचे डबे.

हरेशभाईंनी एक साधा, खोल नाल्यांचा टायर समोर ठेवला. "रोड पे पानी होता है. पानी को निकलने का रास्ता मंगता है. ये लगाओ, ट्रॅक पे थोड़ा पीछे रहेगा, चलेगा."

"चलेगा?" दामले खवळला. "चाचणीत थोडा मागे म्हणजे घरी!" त्याने दुसरा टायर पुढे ओढला. ट्रॅकचाच, जवळजवळ गुळगुळीत, नाल्या नावाला. मंग्याने नख दाबलं आणि शिट्टी मारली.

प्रशांत म्हणाला, "सकालचा मना डबे घेऊन जावा लागतं. तवा टायर थंडे असतात. चालंल?"

दामले म्हणाला, "रोज ह्याच्यावरच चालव. चाचणीपर्यंत अंगवळणी पडायला हवेत. आणि पावसाळा अजून लांब आहे रे!"

"मना तो हरेशभाईवाला…"

"तुला मत नाही!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो आणि हसलो.

सगळे हात गुळगुळीत टायरसाठी वर गेले. हरेशभाईंनी जॅक लावला. नवे टायर म्हणून प्रशांतने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी त्याच्यावरून पुढे घेतली. लिंबू काही फुटलं नाही, बाजूला सटकलं. त्यावरही आम्ही हसलो.

*

पाऊस नव्हताच. लख्ख ऊन होतं. जांभूळच्या रस्त्यावर कुठलीशी पाइपलाइन फुटली होती आणि वळणावर पाणी पसरलं होतं. घोटाभरसुद्धा नसेल. पोरं त्यात सायकली फिरवून गेली होती. प्रशांतची गाडी त्या पाण्यावर चढली आणि सरळ मोरीच्या कठड्यावर गेली. डबे रस्ताभर झाले. बाकी सगळा रस्ता कोरडा ठणठणीत होता.

आम्ही हॉस्पिटलला पोचलो तेव्हा त्याला आत नेलं होतं. बाहेर उभं राहून माणसं काय करतात? आम्ही चर्चा केली. दामले म्हणाला, पुढच्या टायरांत हवा कमी असणार. मंग्या म्हणाला, अलाइनमेंट गेली असणार. मग टेंपरेचर निघालं, प्रेशर निघालं, किती मिलिमीटर घासलं होतं ते निघालं. मला आमची किळस येत होती आणि तरी मीसुद्धा मध्ये मध्ये बोलत होतो.

प्रशांतची आई कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. हाताला अजून पीठ होतं. आमच्यातला प्रत्येक जण बोलला की ती त्याच्याकडे बघायची. बराच वेळ तिने ऐकून घेतलं. मग दामलेच्या चष्म्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

"डाक्टर," ती म्हणाली, "माज्या पोराचा पाय वाचंल ना?"

*

नाही वाचला. गुडघ्याखालून काढावा लागला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दुकानात गेलो. का गेलो विचारू नका, सवय. कोणी दाल पकवान मागवलं नाही. हरेशभाई काउंटरवर बसले होते. प्रशांतची गाडी टोइंग करून तिथेच आणून टाकली होती. मंग्या तिच्याभोवती एक चक्कर मारून आला, मागच्या चाकाशी वाकला आणि त्याचा अंगठा आपोआप रबरावर गेला.

"पुढचे गेले," तो म्हणाला, "पण मागचे दोन एकदम नवे आहेत यार!"

मला वाटतं, त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. तीच तर आमची पंचाईत आहे. आमच्यातल्या कोणालाच कधी वाईट म्हणायचं नसतं.

हरेशभाई उठले, शटरचा लोखंडी आकडा घेतला आणि आम्ही आत असतानाच शटर अर्धं खाली ओढलं. "निकलो," ते म्हणाले. "सब निकलो." आम्ही वाकून एकेक करून बाहेर पडलो.

*

पण खरा किस्सा त्यानंतरचा.

जखम भरल्यावर प्रशांतला नवा पाय बसवायचा होता. ठाण्याला एका ठिकाणी बनवून देतात. आम्ही तिघं त्याला घेऊन गेलो, माझ्या गाडीने. रस्ताभर दामले टायरांबद्दल एक शब्द बोलला नाही. प्रशांत पुढे बसला होता, खिडकीतून बाहेर बघत. ती चाचणी केव्हाच होऊन गेली होती.

तिथल्या मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी माप घेतलं आणि टेबलावर तीन पावलं मांडली. "हे रोजच्या चालण्याचं," त्या म्हणाल्या. "ओलं असलं तरी घसरत नाही, पण जड आहे. हे पळण्यासाठी, खेळाडू वापरतात. हलकं आहे, पण ह्याच्यावर नुसतं उभं राहणं अवघड. आणि हे तिसरं दोन्हीला चालतं. म्हणजे, थोडं थोडं."

दामले तिसऱ्या पावलावरचं लेबल वाचायला पुढे झुकला आणि अर्ध्यावरच थांबला. मंग्याने रोजच्या पावलाचा तळवा उचलून हातात घेतला होता. त्याचा अंगठा रबरात रुतलेला होता. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने पाऊल घाईघाईने खाली ठेवलं.

मॅडमनी पेन उघडलं. "मग प्रशांत, तुम्हाला कुठलं हवंय?"

प्रशांतने आमच्याकडे एकेक करून बघितलं. दामलेकडे, मंग्याकडे, माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"मला मत नसतं, मॅडम," तो म्हणाला. "ह्यांना विचारा."