अर्ध्या मार्काचे सर

‘मला माहीत नाही’ असं म्हणणाऱ्याला मार्क देणारा मास्तर आख्ख्या मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. धाराशिवच्या ज्या कॉलेजात मी एमएस्सी केलं (तेव्हा आमच्या तोंडी उस्मानाबादच होतं), तिथं ते आम्हाला पेशी आणि पेशीच्या पोटातले रेणू शिकवायचे. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव डिग्र्यांसकट व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण ते फक्त पोस्टमन वाचत असावा. पोरांच्या तोंडी ते ‘अर्ध्या मार्काचे सर’. अंगानं काटकुळे, शर्ट कायम पांढरा, आणि डावा खिसा चिठ्ठ्यांनी इतका गच्च की सगळा शर्ट त्या बाजूला ओढलेला. शनिवारी दुपारच्या एसटीनं माकणीला आपल्या गावी जायचे, सोमवारी सकाळी परत यायचे, आणि वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या परीक्षा घ्यायचे. कुणाला चहाची तलफ येते, त्यांना परीक्षेची यायची.

त्यांची प्रश्नपत्रिकाही न्यारीच. चाळीस प्रश्न, आणि प्रत्येकाखाली जगात सगळीकडे असतात तशी अ, ब, क, ड अशी चार उत्तरं. त्यांच्याखाली सरांनी स्वतः जोडलेलं पाचवं: ‘माहीत नाही.’ बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीचं ठोकून दिलं तर एक मार्क कापणार, आणि इमानानं ‘माहीत नाही’वर खूण केली तर अर्धा मार्क पदरात. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, सर थट्टा करतायत. कुणीतरी धीर करून विचारलं, तर म्हणाले, पेशीबद्दल जगाला जेवढं कळलंय त्याहून न कळलेलं लई जास्त आहे, मग त्याला निदान अर्धा मार्क तरी नको का?

मला मात्र हे ऐकून घाम फुटला. आमचं घर धाराशिवकडच्याच वाशीचं, खव्याच्या भट्टीचं. मी थोरली लेक, माझ्या पाठची तीन भावंडं शाळेत, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला धाराशिवला सोडताना एकच अट घातली होती: एमएस्सी एका दमात. एक विषय जरी राहिला तरी वळकटी गुंडाळून घरी यायचं, कढईपुढं बसायचं, आणि शिक्षणाचं नाव काढायचं नाही. आप्पा तापट नव्हते, पण शब्दाचे असे पक्के की त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घातलेला बरा. पास होणं ही माझी एकुलती एक वाट होती, आणि हा गृहस्थ मला ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवत होता. पहिले सहा महिने मी त्यांना मनातल्या मनात भरपूर बोल लावले.

वर्गात नळदुर्गचा एक उपद्व्यापी होता, हायवेवरच्या धाबेवाल्याचा मुलगा. त्यानं डोकं चालवलं. चाळीस वेळा ‘माहीत नाही’ म्हटलं की वीस मार्क, आणि वीस मार्क म्हणजे पास. पाच मिनिटांत पेपर देऊन हा गडी चहाला बाहेर. आता याची काय गत होते म्हणून आम्ही वाट बघत बसलो, तर सरांनी शब्द पाळला. चाळीसपैकी वीस दिले, वर्गापुढं वाचून दाखवले, आणि वर म्हणाले की याला काय येत नाही हे याला पक्कं ठाऊक आहे, तुमच्यातल्या निम्म्यांना तेवढंही नाही. पण पुढच्या सोमवारी त्यांनी नियमाला शेपूट जोडलं. ‘माहीत नाही’ म्हणायचं असेल तर सोबत चिठ्ठी लावायची, आणि तिच्यावर लिहायचं की नेमकं काय माहीत नाही. कुठपर्यंत कळलं आणि कुठं गाडी अडली. झालं! नळदुर्गकर तीन तास पेन चावत बसला आणि जेमतेम दोन चिठ्ठ्या लिहून उठला. आपल्याला काय येत नाही हे लिहायलाही आधी पुस्तक वाचावं लागतं, हा उजेड त्याच्या डोक्यात त्या दिवशी पडला. त्या आठवड्यात पठ्ठ्यानं पहिल्यांदा पुस्तक उघडलं.

या चिठ्ठ्या सर टाकून देत नसत. आधी त्या खिशात मुक्काम करायच्या आणि मग माकणीला घरी जायच्या. पोरं पास होऊन पांगायची, कुणी पोलिसात जायचं, कुणी शेती बघायचं, पेशीबिशी सगळी विसरून जायची, आणि मग पाच-सात वर्षांनी अचानक एखाद्याच्या घरी एक पोस्टकार्ड यायचं. जगात कुठंतरी कुणीतरी ते कोडं सोडवलेलं असायचं, सरांच्या वाचनात आलेलं असायचं, आणि ज्याची गाडी तिथं अडली होती त्याला ते कळवल्याशिवाय सरांना अन्न गोड लागत नसे. पेशीत प्रथिनं बांधून पाठवायची एक जागा असते, ताटल्या रचून ठेवाव्यात तशी. माल एका ताटलीतून दुसरीत जातो, की ताटलीच मालासकट पुढं सरकते, हे नळदुर्गकराला कळलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. त्याला कार्ड आलं तेव्हा तो वडलांच्या जागी गल्ल्यावर बसायला लागला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘लेकरा, तुझं अगदी बरोबर जागी अडलं होतं. यीस्टमध्ये तरी ताटलीच सरकताना दिसली म्हणतात. बाकीच्या पेशींबद्दल भांडणं चालू आहेत. धाबा कसा चाललाय?’ त्यानं ते कार्ड काच लावून भाकरी-शेवभाजीच्या दरपत्रकाशेजारी टांगलंय. हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले जेवता जेवता विचारतात, ताटली नक्की कुठं सरकली म्हणून, आणि हा त्यांना हात धुवेपर्यंत समजावून सांगतो.

परीक्षेला विद्यार्थीच पाहिजे असंही सरांचं काही नव्हतं. कंडक्टर, न्हावी, लग्नातला नवरदेव, जो सापडेल तो. एकदा कुठल्याशा लग्नाला जाताना ते वाशीला उतरले आणि चौकशी करत थेट आमच्या भट्टीवर आले. मला वाटलं, माझी तक्रार सांगायला आले. पण सर कढईजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी आप्पांनाच विचारलं, की दूध आटतं हे ठीक, पण आटता आटता त्याला कण कशानं धरतो? आप्पांनी हातातलं उलथनं न थांबवता सांगितलं, “ते काय म्हाईत न्हाय बघा सर. आमी आपलं हलवत ऱ्हातो. आच वाढली की कण बिघडतो, एवढं कळतं.” सरांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. कुठपर्यंत कळलं आणि कुठं अडलं, दोन्ही एका दमात! त्यांनी तिथल्या तिथं आप्पांना अर्धा मार्क जाहीर केला. आप्पांनी बदल्यात पत्र्याचा डबा भरून खवा दिला, आणि पुढं कित्येक महिने बाजारात सांगत होते की आपल्याला एमएस्सीचा मार्क आहे. अट मात्र सुटली नाही. मी हळूच विषय काढून बघितला, तर म्हणाले, माझा मार्क माझा, तुझा तू आण.

शेवटी दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा आली. लेखी पेपर मी कसेबसे तारून नेले होते, सगळी भिस्त या तोंडीवर होती. ती घ्यायला बाहेरगावचे परीक्षक यायचे आणि आमचे सर शेजारी नुसते बसायचे. आता या नुसतं बसण्याची एक गोष्ट आहे. विद्यार्थी अडला की सरांना राहवायचं नाही, ओठ आपोआप हलायचे, आणि मागं एकदा कुणा परीक्षकांनी तशी तक्रारही केली होती. तेव्हापासून सरांनी उपाय काढला होता. पोरगं आत यायच्या आधी ते तांब्यातल्या पाण्याची मोठी गुळणी तोंडात धरायचे आणि पोरगं बाहेर गेल्यावरच गिळायचे. पण आम्ही काय कच्चे होतो? उत्तर चुकायला लागलं की सरांचे गाल फुगायचे आणि रस्त्याला लागलं की खाली बसायचे, हे आमच्या आधीच्या पोरांनीच शोधून ठेवलं होतं. त्यामुळं परीक्षकांकडं तोंड आणि सरांच्या गालांकडं डोळा, अशी आमची सगळी परीक्षा व्हायची.

मी आत गेले. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला शक्ती पुरवणारी भट्टी, आणि भट्टीवर तर माझा जन्म गेलेला. पहिले चार प्रश्न मी झकास मारले. गाल सपाट. मग परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, की या मायटोकॉन्ड्रियाचे बहुतेक जीन कधीच केंद्रकात राहायला गेले, मग मूठभरच मागं का उरले? मी गालांकडं पाहिलं. गाल ना वर ना खाली. सर माझ्याकडं बघतच नव्हते, समोरच्या भिंतीकडं बघत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की हे यांनाही माहीत नाही.

पुस्तकात एक ओळ होती, मला पाठ होती. ती म्हटली असती तर सुटले असते. पण दोन वर्षांची सवय अशी अंगी लागली होती की तोंडातून भलतंच निघालं. “सर, हे मला माहीत नाही,” मी म्हणाले. म्हणाले आणि डोळ्यांपुढं आमची कढई दिसली. मग सवयीनं चिठ्ठी लिहावी तसं पुढचं बोलत गेले: काही प्रथिनं इतकी पाण्याला बुजतात की बाहेरून आत ओढता येत नसावीत, म्हणून ती आतच बनत असतील असं एक म्हणणं, कारभार जागेवरनं बघायला सोयीचा, असं दुसरं, पण सगळ्यांना पटेल असा निकाल अजून लागलेला नाही, मी इथं अडले. परीक्षकांनी पेन उचललं आणि म्हणाले, की उत्तर पुस्तकात आहे, शेवटच्या वर्षाला ‘माहीत नाही’ म्हणायची तुम्हाला लाज वाटायला हवी.

तेवढ्यात गटकन आवाज आला. सरांनी पाणी गिळलं होतं. इतक्या वर्षांत विद्यार्थी समोर असताना त्यांनी कधी गिळलं नव्हतं. रागावले की त्यांची भाषा सरळ माकणीला जायची, तशी ती गेली. “साहेब,” ते म्हणाले, “मला बी म्हाईत न्हाय.”

परीक्षकांनी विचारलं, मग तुम्ही शिकवता तरी काय?

“म्हाईत हाय तेवढं शिकवतो. न्हाय ते न्हाय म्हणून सांगतो. तुमाला म्हाईत असंल तर सांगा, मी बी लिहून घेतो.” आणि खरंच खिशातनं कोरी चिठ्ठी काढून, पेनाचं टोपण उघडून, पहिलीतल्या पोरासारखे ते तयार बसले. परीक्षक सांगायला लागले. निम्म्यावर आले, थांबले, पुन्हा मागनं सुरू केलं, आणि शेवटी जरा हळू आवाजात म्हणाले, म्हणजे, असं समजलं जातं. सरांनी मोठ्यानं उच्चारत लिहून घेतलं, ‘समजलं जातं.’ मग परीक्षकांनी मला जायला सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की हसू, हे मला आजही सांगता यायचं नाही.

मी पास झाले. तोंडीला किती पडले ते सरांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी परक्या माणसापुढं आपली इतक्या वर्षांची अब्रू माझ्या शेजारी आणून ठेवली, ते मी विसरले नाही. आप्पा माकणीला जाऊन पुन्हा खवा देऊन आले.

आता मीच कॉलेजात शिकवते. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. पाचवं उत्तर घाला म्हणून मी एकदा ऑफिसात अर्ज दिला, तर उत्तर आलं की त्यात चारच बसतात. सर रिटायर होऊन माकणीला राहायला गेले होते. धरणाच्या बाजूला त्यांचं रान, चार शेळ्या, आणि आल्यागेल्याला प्रश्न. ही कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली तेव्हा पोट धरून हसले, आणि म्हणाले, त्या मशिनला इचार, तुला समदं म्हाईत हाय का.

गेल्या वर्षी ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी, त्यांच्या बायकोनं, आतून एक डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. हा तुमाला द्यायला सांगितला होता, म्हणाल्या. आप्पांचाच तो खव्याचा डबा. आत चिठ्ठ्या. बऱ्याच चिठ्ठ्यांवर लाल शाईची रेघ, म्हणजे उत्तर मिळालं, कार्ड गेलं. ज्यांच्यावर रेघ नव्हती त्यांत एक सरांच्या स्वतःच्या हातची होती, कडेला पाण्याचा डाग पडलेली. मूठभर जीन मागं का उरले. खाली माझं नाव, त्यापुढं अर्धा मार्क. त्याच्या खाली त्यांचं स्वतःचं नाव, त्याच्याही पुढं अर्धा मार्क.

डबा माझ्या टेबलावर असतो. आतापर्यंत मी तीन कार्डं पाठवली, ती पोरं आता बापे झालीत, उलट फोन करून रडतात. आमच्या दोघांच्या चिठ्ठीवर अजून रेघ पडलेली नाही. मी वाचत असते. एखाद्या दिवशी पडेल, पटेल असं उत्तर कुणीतरी देईल, आणि तेव्हा ते कार्ड कुठल्या पत्त्यावर टाकायचं, हे मला माहीत नाही.