चाकावरची लाल रेघ

इथे कानडी मुलखात, शिवाजीनगरात, माझ्या वर्कशॉपला लोक 'नको म्हणणाऱ्या अण्णाचं दुकान' म्हणतात. म्हणू देत! गाडीची अलॉय चाकं नव्यासारखी करून देणं हा माझा धंदा, आणि गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणारे आले की माझी कटकट दुप्पट होते. त्यांची चाकं मी पावडर कोटिंगच्या भट्टीत घालत नाही, तेवढ्या तापाने अॅल्युमिनियम मऊ पडायची भीती असते. नट बसतात ती जागा आणि आसाच्या हबला टेकणारी पाठ कोरी ठेवतो, तिथे रंग राहिला की नट सैल पडतात. आणि जुना रंग उतरवल्यावर तडा तपासल्याशिवाय नवा चढवत नाही. लाल डाय मारायचा, तो फटीत मुरेपर्यंत पंधरा मिनिटं थांबायचं, स्वच्छ पुसायचं, वर पांढरा स्प्रे. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ दिसली की चाक परत. रडा, भांडा, माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

माझी लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये, नोकरी करते. यंदा तिने ट्रॅकसाठी सेकंडहँड चाकं घेतली आणि दसऱ्याच्या आधी माझ्यापुढे आणून टाकली. "अण्णा, पुढच्या रविवारी पहिल्यांदा ट्रॅकवर जातेय. तुम्हीच करून द्या." माझ्या धंद्याकडे ढुंकून न बघणारी पोर पहिल्यांदा काही मागत होती. मी हुरळलो, खोटं कशाला बोलू?

रंग उतरवून चाकं ठेवली होती, तेवढ्यात आयुधपूजा आली. मी बाहेर रस्त्यावर कोहळा फोडत होतो, आत बायको हत्यारांना हळदकुंकू लावत होती. दुसऱ्या दिवशी चाकं घाईघाईने थिनरच्या फडक्याने पुसली आणि डाय मारला. तीन साफ निघाली. चौथ्याच्या एका आऱ्याच्या बुडाशी नखाएवढी लाल रेघ उमटली.

कालच्या पूजेचं कुंकू फटीत बसलंय, मी म्हटलं. पुसलं, पुन्हा तपासलं नाही, प्रायमर मारला, वर काळा रंग चढवला. शनिवारी ते चाक पुढे डाव्या बाजूला मीच बसवलं.

रविवारी सकाळी चहा घेताना बायकोवर उगाच डाफरलो, "पुढच्या वर्षी चाकांना कुंकू लावू नकोस. फटीत जाऊन बसतं."

"तुमच्या लेकीच्या चाकांना कुठे लावलं? कुंकवाची पुडी कंप्रेसरपाशीच संपली. चाकांना नुसती हळद लावली."

कप तसाच ठेवून मी उठलो. लेकीला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. ट्रॅकवर उतरताना फोन बाहेर ठेवायला लावतात हे तिनेच कौतुकाने सांगितलं होतं. डायचे डबे आणि रंग उतरवायचं केमिकल पिशवीत टाकलं आणि बायकोला घेऊन निघालो. ती सारखी फोन लावत होती, मी पुढच्या बसला शिव्या घालत होतो. शहराच्या टोकाला येलहंका येईपर्यंत मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तडा गेलेलं चाक पळताना तुटतं का हो?" मी म्हटलं, "वळणावर सगळा भार त्यावरच येतो." ती पुन्हा फोन लावू लागली.

पोचलो तेव्हा गाड्या सुटल्या होत्या. लेकीची निळी गाडी समोरून सणसणत गेली आणि डावीकडचं चाक मला नुसतं काळं दिसलं, सुंदर दिसलं. झेंडेवाल्या माणसाचा मी हातच धरला. "ती निळी गाडी थांबवा! चाकाला तडा आहे!" तो कानडीत "सरी अण्णा, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत वॉकीटॉकीवर बोलला. तरी तिची एक फेरी पुरी व्हायची होती. लांबच्या वळणामागे गाडी गेली आणि दिसेना. देवा, तेवढं एक वळण! बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

गाडी आत आली. हेल्मेट काढताच लेक भडकली. "अण्णा, काय तमाशा हा! सगळे बघतायत. चाकं तुम्हीच तर पास केलीत ना?"

मी चाक खोललं. आऱ्याच्या बुडाशी केमिकल लावून रंग उतरवला, डाय मारला. ती पंधरा मिनिटं आम्ही तिघंही चाकाभोवती उभे होतो. पुसून पांढरा स्प्रे मारला. हळूहळू रेघ उमटली. त्या दिवशी नखाएवढी होती, आता बोटाच्या पेराहून लांब.

लेक खाली वाकून बघत राहिली. राग कुठल्या कुठे गेला होता. तिने रेघेशेजारी आपलं बोट धरून पाहिलं.

"ही तुम्हाला तेव्हा दिसली होती?"

"दिसली होती. कुंकू म्हणून पुसली."

तिने हेल्मेट बाजूला ठेवलं.

"आणि हे चाक दुसऱ्या कुणाचं असतं तर, अण्णा?"

"परत केलं असतं," मी म्हणालो.